ऐकलेली इंग्रजी कळावी म्हणून

मराठी शाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन महाविद्यालयाच्या वर्गात प्रथमच जाऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याची खरी अडचण बहुधा वाचनाची नसते. इंग्रजीचे पाठ्यपुस्तक त्याने वाचलेले असते, व्याकरणाचे नियम त्यास पाठ असतात, अर्ज आणि निबंध तो लिहू शकतो. परंतु प्राध्यापक इंग्रजीतून बोलू लागले, म्हणजे पहिल्या दोनचार वाक्यांनंतर त्याचा धागा तुटतो. जे शब्द पुस्तकात त्याच्या ओळखीचे होते तेच कानावर पडताना परके वाटू लागतात. मग तो शेजाऱ्याच्या वहीतून टिपणे उतरवून घेतो, शंका विचारण्याचे टाळतो आणि वर्षाचा आरंभीचा मोलाचा काळ असाच निघून जातो. बुद्धीने मुळीच उणी नसलेली मुले केवळ या एका कारणाने मागच्या बाकावर जाऊन बसतात, ही गोष्ट बेळगाव, पणजी, इंदूर किंवा हैदराबाद येथील मराठी पालकांना नव्याने सांगावयास नको.

ही अडचण का उत्पन्न होते, आणि ती दूर करण्याच्या कामी गोष्टीसारखे जुने व बिनखर्चाचे साधन कसे उपयोगी पडते, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

पहिली गोष्ट ही, की ऐकून समजणे ही वाचून समजण्याहून निराळी विद्या आहे. छापलेल्या ओळीत प्रत्येक शब्द सुटा उभा असतो. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोलण्यात अशी जागा नसते. बोलणे हा एक अखंड प्रवाह असतो आणि त्यातून शब्द वेगळे काढण्याचे काम ऐकणाऱ्यालाच करावे लागते. आपल्याच भाषेचे उदाहरण घेऊ. पुस्तकावरून मराठी शिकलेल्या परकीय गृहस्थाला ‘तू कुठे चालला आहेस’ हे वाक्य उत्तम कळते. परंतु रस्त्यात कोणी ‘कुठं चाललायस’ म्हणून विचारले, तर तो गोंधळून उभा राहतो. त्याचे व्याकरण कच्चे नसते, त्याच्या कानांना सराव नसतो. आपल्या मुलांची इंग्रजीच्या बाबतीत नेमकी हीच अवस्था होते.

इंग्रजीत ही अडचण अधिक बिकट आहे, त्याला कारण त्या भाषेची चाल. मराठी बोलताना आपण साधारणपणे प्रत्येक अक्षराला त्याचा त्याचा वेळ देतो. इंग्रजीत काही अक्षरांवर जोराचा आघात पडतो आणि त्यांच्यामधली अक्षरे दबून, आवळून जातात. ‘ब्रेड अँड बटर’ असे आपण तीन स्वच्छ शब्द उच्चारतो. तेच बोलण्याच्या भरात ‘ब्रेडन्बटर’ असे एकच होऊन येते. ‘अ कप ऑफ टी’ मधला ‘ऑफ’ जवळजवळ नाहीसा होतो. ज्या मुलाने हे शब्द केवळ डोळ्यांनी पाहिले आहेत, त्याच्या मनात त्यांची पूर्ण आकाराची चित्रे असतात. कानावर मात्र त्यांच्या सावल्या पडतात.

दुसरी अडचण स्मरणाची आहे. वाचणारा एखाद्या शब्दाला अडला तर मागे वळतो, शब्दकोश उघडतो आणि पुन्हा वाचतो. ऐकणाऱ्याला ही सवलत नाही. तो एका शब्दापाशी थबकला, की पुढचे वाक्य निघून जाते. ते गेले, की त्यापुढचे निराधार होते. म्हणून चांगल्या ऐकणाऱ्याचे पहिले लक्षण असे, की न कळलेला शब्द मागे टाकून तो निश्चिंतपणे पुढे जाऊ शकतो. पण हा निश्चिंतपणा यावा कसा? पुढे काहीतरी कळणार आहे असा भरवसा असेल तरच तो येतो, आणि हा भरवसा गोष्ट देते.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसाला याचा पुरावा दूर शोधावयास नको. बेळगावच्या मुलाला कानडी, वडोदऱ्याच्या मुलाला गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला हिंदी आणि हैदराबादच्या मुलाला उर्दू व तेलुगू थोड्याबहुत प्रमाणात येते. ती त्याला कोणी व्याकरण सांगून शिकविली? गल्लीतील खेळ, बाजारातील घासाघीस, शेजारणीने सांगितलेली हकिकत, यांतून ती कानावाटे आत गेली. आधी पुष्कळ ऐकणे झाले, मग बोलणे आले, आणि अक्षरओळख तर कित्येकदा झालीच नाही. इंग्रजीच्या बाबतीत आपण हा क्रम उलटा करतो. अक्षर आधी, स्पेलिंग नंतर, आणि ऐकणे जवळजवळ नाहीच. इंग्रजी आपल्या गल्लीत बोलली जात नसल्यामुळे ऐकण्याची ही तूट आपोआप भरून निघत नाही. ती वर्गात आणि घरात जाणून बुजून भरून काढावी लागते. थोड्या वेळात पुष्कळ अर्थपूर्ण भाषा कानावर घालण्याचे गोष्टीइतके सुलभ साधन दुसरे नाही.

गोष्टीत असे काय असते? एक तर तिला क्रम असतो. कोणी एक होता, त्याला काही हवे होते, वाटेत संकट आले, त्याने युक्ती केली आणि शेवट असा झाला. हा साचा जगातील बहुतेक मुलांच्या मनात लहानपणीच तयार झालेला असतो. त्यामुळे ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत असतो. आणि ज्याची वाट आपण पाहत असतो ते अर्धवट ऐकू आले तरी ओळखता येते. दुसरे, गोष्टीत तीच माणसे, तेच प्राणी, त्याच वस्तू पुनःपुन्हा येतात, म्हणून पहिल्या वेळी निसटलेला शब्द तिसऱ्या वेळी सापडतो. आणि तिसरे, शेवट काय होणार हे कळून घेण्याची उत्सुकता मुलाला जागेवर धरून ठेवते. तिथे धाक किंवा गुणांचे आमिष लागत नाही.

आपल्या कीर्तनसंस्थेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान लागते. मोरोपंतांच्या आर्या संस्कृत शब्दांनी ठासून भरलेल्या असतात. त्यांतील प्रत्येक समासाचा विग्रह देवळातील किती श्रोत्यांना करता आला असता? तरी अक्षरशत्रू आजीबाईसुद्धा आख्यानाला मान डोलवीत, कारण प्रसंग त्यांच्या ओळखीचा होता. शब्दांवरून कथा कळण्याऐवजी कथेवरून शब्द कळत. शिवाय बुवा समोरच्या मंडळींचे चेहरे पाहून बोलत. कोठे अडखळ दिसली की तेच दुसऱ्या शब्दांत सांगत, हाताने दाखवीत, क्षणभर थांबत. ग्वाल्हेरच्या ढोलीबुवांच्या परंपरेपासून गोमंतकातील देवळांपर्यंत ज्यांनी कीर्तने ऐकली आहेत, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. इंग्रजीच्या शिक्षकाने अभ्यासावी अशी ही शाळा आहे.

मनाच्या या व्यापाराचा अभ्यास केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने केला आणि १९३२ साली स्मरणावरील आपल्या ग्रंथात तो मांडला. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज मंडळींना वाचावयास दिली आणि काही काळाने ती सांगावयास लावली. सांगताना या मंडळींनी कथेतील अपरिचित भाग गाळले किंवा आपल्या परिचयाच्या वस्तूंत बदलून टाकले. तेथील विशिष्ट होडीची साधी नाव झाली. यावरून दिसले ते असे, की आपण ऐकलेले वा वाचलेले जसेच्या तसे साठवीत नाही. मनात आधीच असलेल्या साच्यात ते बसवून घेतो. शिक्षकाला यातून मिळणारा बोध सरळ आहे. भाषा नवी असेल, तर निदान साचा तरी ओळखीचा असावा.

शाळेच्या व्यवहारात हे कितपत उतरते, याची एक प्रसिद्ध कसोटी फिजी बेटांवर झाली. गिरमिटाच्या करारावर नेलेल्या हिंदी मजुरांचे वंशज जेथे वसले आहेत तोच हा देश. मुलांची घरची भाषा फिजियन किंवा हिंदी आणि शाळेत शिकावयाची इंग्रजी. वॉरिक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या दोन अभ्यासकांनी खेड्यांतील आठ शाळा निवडल्या. तेथील चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची अडीचशे पुस्तके देण्यात आली. काही वर्गांत मुलांनी ती स्वतः वाचावयाची होती; काहींत शिक्षकांनी ती मोठ्याने वाचून दाखवावयाची, पुढे काय होईल ते विचारावयाचे आणि पुन्हा वाचावयाची होती. दुसऱ्या चार शाळांत वाक्यरचनेचे ठराविक धडे पूर्ववत चालू राहिले. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे, आठ महिन्यांनंतर गोष्टींच्या सहवासातील मुलांची वाचन आणि श्रवण या दोन्हींतील प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली होती. वीस महिन्यांनी ही आघाडी वाढली आणि भाषेच्या इतर अंगांतही दिसू लागली.

याच एली यांनी पुढे न्यूझीलंडमध्ये नुसत्या ऐकण्याची परीक्षा घेतली. ही मुले इंग्रजी बोलणारीच होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु गोष्टीतील काही शब्द त्यांना नवे होते. आठवडाभरात तीच गोष्ट तीन वेळा वाचून दाखविल्यावर, कोणताही अर्थ न सांगता, मुलांना या नव्या शब्दांपैकी सुमारे १५ टक्के अधिक शब्द समजू लागले. दुसऱ्या प्रयोगात वाचता वाचता शिक्षकाने अर्थ एखाद्या वाक्याने, चित्राने किंवा अभिनयाने सुचविला, तेव्हा ही वाढ ४० टक्क्यांच्या घरात गेली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते: आरंभी मागे असलेल्या मुलांनाही पुढच्या मुलांइतकाच लाभ झाला. मागच्या बाकावरच्या मुलाला पुढे आणणारी अध्यापनरीती आपल्या हाती क्वचितच लागते.

आता हे प्रत्यक्षात करावे कसे? आरंभ ओळखीच्या गोष्टीने करावा. तहानलेला कावळा, ससा आणि सिंह, भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी, या मराठी घरातील मुलांना ठाऊक असलेल्या गोष्टी इंग्रजीतून सांगाव्या. मेणाच्या आणि शेणाच्या घराची चिऊकाऊची गोष्ट तर या कामासाठीच रचली आहे असे वाटावे. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो आणि चिमणी दर वेळी नवी सबब सांगते. इंग्रजीत हे सांगताना ‘वेट, आय ॲम बेदिंग माय बेबी’, मग ‘वेट, आय ॲम ड्रेसिंग माय बेबी’, मग ‘वेट, आय ॲम फीडिंग माय बेबी’ अशी वाक्ये येतात. वाक्याची घडण तीच राहते आणि एकच शब्द बदलतो. तिसऱ्या खेपेस मुले आपण होऊन ‘वेट’ म्हणू लागतात. चालू वर्तमानकाळाचा नियम सांगण्यापूर्वीच तो त्यांच्या कानात बसलेला असतो.

गोष्ट सांगण्यापूर्वी तिच्यातील तीनचार अडचणीचे शब्द फळ्यावर चित्र काढून किंवा वस्तू दाखवून ओळखीचे करावे. न कळणारे शब्द फार असू नयेत. वीस शब्दांत एखादा अनोळखी असला तर गोष्ट चालते, प्रत्येक वाक्यात दोनतीन असले तर ती बुडते. पहिल्या खेपेस पुस्तके मिटलेली असावी आणि गोष्ट सलग सांगावी. मध्ये एकदाच, ऐन प्रसंगी थांबून, ‘आता काय होईल?’ असे विचारावे. उत्तर मराठीत आले तरी ते आनंदाने घ्यावे, कारण आपण या घटकेस त्याचे ऐकणे तपासीत आहोत, बोलणे नव्हे. दुसऱ्या खेपेस मुलांना हलके काम द्यावे: चार चित्रे क्रमाने लावणे, ठराविक शब्द आला की हात वर करणे. तिसऱ्या खेपेस छापील गोष्ट हाती द्यावी, म्हणजे कानाला कोठे चकवा बसला होता हे डोळ्यांना दिसते. त्यानंतर आठवड्याने तीच गोष्ट पुन्हा सांगावी. मुले कंटाळतील ही भीती मोठ्यांची आहे. ओळखीची गोष्ट पुन्हा ऐकण्याचा हट्ट कोण करते, हे प्रत्येक आजीला ठाऊक आहे.

येथे दोन चुका कटाक्षाने टाळावयास हव्यात. पहिली, प्रत्येक वाक्यानंतर त्याचे मराठी भाषांतर सांगणे. असे केले की मुलाचा कान इंग्रजी वाक्य सोडून देतो आणि मागून येणाऱ्या मराठीची वाट पाहत बसतो. एखाद्या कठीण शब्दाचा अर्थ मराठीत चटकन सांगून पुढे जाण्यास हरकत नाही. सबंध वाक्याची मात्र मूळची वाट मोकळी ठेवावी. दुसरी चूक, सोपे व्हावे म्हणून शब्द तोडून तोडून उच्चारणे. त्यामुळे इंग्रजीची चाल नाहीशी होते आणि जे ऐकण्याची सवय व्हावयाची तेच कानावर पडत नाही. सावकाश सांगावयाचे ते दोन वाक्यांशांमध्ये थांबून. वाक्यांश आपल्या स्वाभाविक चालीने जावा आणि त्यानंतर विसावा असावा.

‘आमचेच उच्चार शुद्ध नाहीत, आम्ही काय गोष्ट सांगणार?’ असे काही शिक्षक व पालक म्हणतात. ही शंका प्रामाणिक आहे, परंतु तिच्यापायी गप्प बसणे इष्ट नाही. इंग्रजी आज अनेक देशांत अनेक उच्चारांनी बोलली जाते आणि मुलाला त्या सर्वांची सवय हवी. शिक्षकाने आपल्या स्वच्छ, समजेल अशा उच्चारांत गोष्ट सांगावी आणि त्याच गोष्टीचे दुसऱ्या आवाजातील ध्वनिमुद्रण नंतर ऐकवावे. नभोवाणीने ही सोय फार पूर्वीपासून केली. बी.बी.सी.चे इंग्रजीचे पाठ १९४३ साली सुरू झाले. व्हॉइस ऑफ अमेरिकेने १९५९ साली, सुमारे दीड हजार शब्दांच्या मर्यादेत आणि नेहमीपेक्षा संथ गतीने, खास शिकणाऱ्यांसाठी कार्यक्रम आरंभिला. त्यात पुढे अमेरिकन कथाही सोप्या करून सांगितल्या जात. आता तर खिशातील दूरध्वनीवर अशा गोष्टी हव्या तेव्हा मिळतात. तथापि यंत्र मुलाचा चेहरा पाहू शकत नाही. कोठे थांबावे आणि कोठे पुन्हा सांगावे हे समोर बसलेल्या माणसालाच कळते. म्हणून ध्वनिमुद्रण हे सांगणाऱ्याच्या जोडीला असावे, त्याच्या जागी नव्हे.

मोठ्या विद्यार्थ्यांना चिऊकाऊची गोष्ट बालिश वाटेल, हे खरे. त्यांच्यासाठी शास्त्राच्या आणि इतिहासाच्या हकिकती आहेत. १८५४ साली लंडनच्या एका वस्तीत पटकीची साथ आली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मृत्यूंची घरे कोठे आहेत ते तपासले, ती एका पाण्याच्या पंपाभोवती दाटलेली दिसली, आणि त्याच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. ही गोष्ट दहा मिनिटांत सोप्या इंग्रजीत सांगता येते. तिच्यात रहस्यकथेची ओढ आहे, आणि कारण, पुरावा, अनुमान, निष्कर्ष हे व्याख्यानात पदोपदी लागणारे शब्दही आहेत. अशा वीसपंचवीस हकिकती ज्याने कानाने ऐकल्या आहेत, त्याला महाविद्यालयातील पहिले व्याख्यान इतके परके वाटणार नाही.

गोष्टीने सर्व काही साधते असा मात्र दावा नाही. दूरध्वनीवरचे संभाषण, स्थानकावरील सूचना, मुलाखतीतील आडवे प्रश्न यांचा सराव वेगळा करावा लागतो. लेखन आणि व्याकरणाचे श्रमही चुकत नाहीत. शिवाय हे फळ सावकाश येणारे आहे. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे ऐकणे अधिक गुणकारी, आणि तेही महिनोन्‌महिने.

शेवटी पालकांसाठी एक सांगावेसे वाटते. मुलाची इंग्रजी सुधारावी म्हणून हल्ली काही घरांत मराठी गोष्टी सांगणेच बंद होत चालले आहे. परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबांत ही ओढ विशेष दिसते. वरील विवेचन ज्यांनी लक्षपूर्वक ऐकले त्यांना यातील तोटा दिसून येईल. परक्या भाषेतील गोष्ट ज्या साच्यात बसवून मूल समजून घेते, तो साचा आईच्या भाषेत ऐकलेल्या गोष्टींनीच घडलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. महाराष्ट्रापासून इतक्या दूरच्या त्या मराठी दरबाराने परकी गोष्ट आपलीशी करून घेतली, ती आपली भाषा सोडून नव्हे. आपल्या मुलांनाही तोच मार्ग सोयीचा आहे. रात्री निजताना मराठीत एक गोष्ट सांगावी, आणि दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीतून त्याच्या कानी पडेल अशी व्यवस्था करावी.